बटणाएवढे चुंबक, गुडघ्याएवढा प्रश्न

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या नव्या सायकलचे चुंबक पहिल्याच पंधरवड्यात दोनदा पडले. पहिल्यांदा ते सोसायटीच्या फाटकापाशी सापडले, तेही झाडणाऱ्या बाईंच्या पत्र्याच्या सुपलीला चिकटलेले. दुसऱ्यांदा ते गंगापूर धरणाच्या रस्त्यावर कुठे तरी गेले, ते गेलेच. तिथपासून हँडलवरच्या मीटरमध्ये वेगाचा आकडा दिसे, अंतर दिसे, घड्याळही दिसे. पण ज्या आकड्यासाठी मीटर आणले होते त्या जागी नुसते शून्य.

“अहो, सायकल चालतेय ना? मग त्या शून्याचे काय एवढे घेऊन बसलात?” घरातून विचारणा झाली.

वरवर पाहता हे खरेच होते. पण हे गृहस्थ सायकलकडे हौस म्हणून वळलेले नव्हते. चौतीस वर्षे बँकेत खुर्चीवर बसून काढल्यावर, निवृत्तीनंतर त्यांनी रोज सकाळी तासभर चालायला सुरुवात केली आणि वर्षभरात उजवा गुडघा बोलू लागला. जिना उतरताना कळ, मांडी घालून बसणे बंद, देवळात खुर्ची शोधणे सुरू. हाडांच्या डॉक्टरांनी चालणे कमी करून सायकल चालवायला सांगितली. सोबत अटही घातली: सपाट रस्ता, हलका गिअर आणि पाय भरभर फिरवायचे. जोर लावून रेटायचे नाही.

“भरभर म्हणजे किती?” आयुष्यभर खातेवही सांभाळलेल्या माणसाने विचारले.

“मिनिटाला साठ फेऱ्यांच्या खाली जाऊ नका. सवय झाली की सत्तर, ऐंशी.”

आता सायकल चालवताना मिनिटाला किती फेऱ्या झाल्या हे कोण मोजणार? म्हणून बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलीने बाबांसाठी पायडलच्या फेऱ्या मोजणारे मीटर पाठवले. सोबत तारेचा सेन्सर, एक छोटे चुंबक आणि प्लास्टिकचे चार टाय. ते चुंबक क्रँकला, म्हणजे पायडलच्या दांड्याला, बांधायचे होते. आणि घोडे तिथेच अडले होते.

पायडलच्या फेऱ्यांच्या या गतीला सायकलवाले केडन्स म्हणतात. मराठीत त्याला लय म्हणायला हरकत नाही. ज्यांच्या कानाला तबल्याची सवय आहे त्यांना तर हा शब्द लगेच पटेल. वेग आणि लय यांत मात्र पुष्कळांची गल्लत होते. वेग चाकाचा, लय पायांची. ताशी अठरा किलोमीटर वेगाने जाणारे दोन स्वार शेजारी शेजारी असतील. एक जड गिअरवर मिनिटाला पन्नास फेऱ्या मारत असेल, दुसरा हलक्या गिअरवर ऐंशी. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच. त्यांच्या गुडघ्यांना मात्र फरक कळतो.

तो किती, हे आकडेमोड करून पाहता येते. समजा, दोघेही शंभर वॉट ताकद खर्च करत आहेत आणि दोघांच्या क्रँकची लांबी १७० मिलिमीटर आहे, जी मोठ्यांच्या सायकलींना सर्रास असते. मिनिटाला पन्नास फेऱ्या मारणाऱ्याला पायडलवर सरासरी साडेअकरा किलो वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. ऐंशी फेऱ्या मारणाऱ्याला लागतो सव्वासात किलोच्या आसपास. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात पाय खाली जात असतानाच जोर लागतो आणि वर येताना जवळजवळ नाही, त्यामुळे ऐन दाबाच्या क्षणी गुडघ्यावर येणारा भार याहून बराच जास्त असतो. फेऱ्या वाढल्या तरी प्रत्येक फेरीतला दाब कमी होतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला दाबाचेच वावडे असते. अर्थात फार भरभर फिरवणेही कामाचे नाही. धाप लागते आणि खोगिरावर माणूस उड्या मारू लागतो.

शर्यतीच्या सायकलस्वारांचे पाय याहून कितीतरी भरभर चालतात. बेल्जियमचा एडी मर्क्स याने १९७२ च्या ऑक्टोबरात मेक्सिको शहरात एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला, तेव्हा त्याच्या सायकलला एकच गिअर होता: पुढे ५२ दात, मागे १४. पायडलच्या एका फेरीत सायकल पावणेआठ मीटरच्या आसपास पुढे जाते असे धरून भागाकार केला तर मिनिटाला सुमारे १०५ फेऱ्या निघतात, आणि त्या पूर्ण तासभर! आपल्याला मर्क्स व्हायचे नाही. पण उलट टोकाला, आपल्याकडे पुष्कळ माणसे गिअरची सायकल घेतात आणि सर्वांत जड गिअरवर ठेवून देतात. पायाखाली काही तरी लागल्याशिवाय व्यायाम झाल्यासारखे त्यांना वाटत नाही. नाशिकचे हे गृहस्थ त्यांतलेच होते, मात्र त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हते. ते मीटरने सांगायचे होते, आणि मीटर शून्य दाखवत होते.

चुंबक का पडत होते, याचे कारण साधे आहे. सोबत आलेले टाय सरळ, चपट्या दांड्याला चांगले बसतात. आजकालचे ॲल्युमिनियमचे क्रँक मात्र गोलाईचे, मधे फुगीर आणि पायडलकडे निमुळते होत जाणारे असतात. टाय आवळला की तो निमुळत्या बाजूला हळूहळू सरकतो. त्यात रस्त्यावरचे खड्डे. दोन-तीन दिवसांत टाय सैल होतो, चुंबक तिरके होते आणि एके दिवशी नाहीसे होते. टायचे कापलेले टोक बाहेर राहिले असेल तर ते घोट्याला ओरखडे काढते, पायजम्याची कड पकडते. बुटाची नाडी अडकली तर पडण्याचीही भीती. म्हणून हे काम नीटनेटके करायला हवे. ते नुसते दिसण्यापुरते नाही.

पहिल्यांदा चुंबक पडल्यावर घरात इन्सुलेशन टेपचा प्रयोग झाला होता. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात टेपचा डिंक पाझरला, त्यावर धूळ बसली, आणि नव्या सायकलला मलमपट्टी केल्यासारखे दिसू लागले. ते चुंबकही गेल्यावर मग शीतकपाटाच्या दारावरचे, गणपतीचे चित्र असलेले पातळ चुंबक कापून चिकटवून पाहिले. ते पडले नाही, पण मीटरही जागचे हलले नाही. याचे कारण मोठे गमतीचे आहे. त्या मऊ, रबरी चुंबकात उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे शेजारी शेजारी असतात. दाराला ते घट्ट चिकटते, पण त्याचा जोर दोन-चार मिलिमीटरच्या पुढे पोचतच नाही. कपाटाच्या दाराला असतात ती काळी चुंबके त्यापेक्षा बरी, तरी याच आकारात तीही कमजोर पडतात.

अखेर गृहस्थांनी बाजारातून चांदीसारखी चकाकणारी, शर्टाच्या बटणाएवढी चार चुंबके आणली आणि ‘ॲराल्डाइट’च्या दोन नळ्या घेऊन ते पंचवटीतल्या एका जुन्या सायकलच्या दुकानात गेले. तिथले चाचा काळ्या सायकलींच्या काळापासूनचे. मीटर, सेन्सर हे त्यांच्या धंद्यातले नव्हे. त्यांनी चुंबक हातात घेतले आणि क्रँकच्या दांड्याला लावून पाहिले. चिकटले नाही.

“साहेब, हा अल्युमिनचा. याला लोहचुंबक काय धरणार?”

“म्हणून तर ॲराल्डाइट आणलेय, चाचा.”

चाचांनी चुंबक दांड्यावरून तसेच खाली सरकवत नेले. पायडल जिथे दांड्यात आवळलेले असते तिथे आतल्या बाजूला, म्हणजे चाकाच्या बाजूला, पोचताच ‘टक्’ असा आवाज झाला. चाचांनी हात काढून घेतला. चुंबक जागच्या जागी बसले होते.

“पायडलचा एक्सल लोखंडाचा असतो. तो आरपार येतो. इथे बसवा की. गोंद कशाला?”

सायकलवाल्यांत ही युक्ती बऱ्याच ठिकाणी माहीत आहे. पण मीटरच्या खोक्यातल्या कागदावर ती सहसा नसते. तिथे टायच दाखवलेले असतात. क्रँक ॲल्युमिनियमचा असो, पायडलचा एक्सल मात्र पोलादी असतो. त्याचे आट्यांचे टोक दांड्याच्या भोकातून आतल्या बाजूला दिसते. हे टोक अर्ध्या इंचाहून थोडे जास्त रुंद असते आणि पुष्कळदा दांड्याच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत राहते. दहा किंवा बारा मिलिमीटर व्यासाचे चुंबक त्या खळग्यात नाणे बसावे तसे बसते. ना टाय, ना टेप, ना बाहेर आलेले टोक. लांबून पाहणाऱ्याला तिथे काही बसवले आहे हे कळणारही नाही.

ही चकाकणारी चुंबके निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या मिश्रणाची. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे ती शोधली. त्याआधी एवढ्या जोरासाठी कितीतरी मोठे काळे चुंबक लागले असते. हा धातू ओलाव्याने लवकर गंजतो, म्हणून त्यावर निकेलचा मुलामा देतात. मुलाम्याला टवका गेला की गंज आतून पोखरत जातो. तेव्हा कानसने, हातोडीने याला हात लावू नये. आकार जमत नसेल तर दुसरे घ्यावे. किंमत फार नसते.

बसवण्याचे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. मात्र बाजू डावी हवी. उजवीकडे साखळी आणि दातेरी चक्रे असतात, तिथे सेन्सरला जागा नसते. डाव्या पायडलच्या एक्सलच्या टोकाला ग्रीस लागलेले असते. ते कापडाने आणि थोड्या स्पिरिटने पुसून घ्यावे. चुंबक लावून पाहावे. चिकटले तर काम झाले. महागड्या पायडलचे एक्सल कधी कधी टायटॅनियमचे असतात, त्यांना चिकटणार नाही. आपली जुनी काळी सायकल असेल तर प्रश्नच मिटला, कारण तिचा कॉटर पिनचा क्रँक संपूर्ण लोखंडी असतो, कुठेही लावा.

चुंबकाची पकड एवढी असते की खड्ड्यांनी ते सुटून पडत नाही, पण बाजूला सरकू शकते. त्यासाठी कडेने सिलिकॉनची एक बारीक रेघ ओढावी. मोरीच्या किंवा ओट्याच्या फटी बुजवायला वापरतात तेच पारदर्शक सिलिकॉन. चोवीस तास वाळू द्यावे. ॲराल्डाइट इथे वापरू नये. ते कमी पडते म्हणून नव्हे, जास्त होते म्हणून. बऱ्याच पायडलच्या एक्सलच्या टोकाला एलन कीसाठी सहा किंवा आठ मिलिमीटरचे षटकोनी भोक असते आणि पायडल काढायचे ते तिथून. ते भोक कायमचे बुजले तर उद्या पायडल बदलताना कारागीर डोक्याला हात लावील. सिलिकॉन नखाने सोलून निघते. (पायडल काढण्याचा विषय निघालाच आहे तर: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे विसरून जोर लावणाऱ्यांनी आजवर किती क्रँक खराब केले असतील, देव जाणे.)

चुंबक काढताना ओढू नये. बाजूला सरकवले की सहज निघते. आणि अधूनमधून त्याच्यावर एक ओली चिंधी फिरवावी. रस्त्यावरच्या धुळीत लोखंडाचा बारीक कीस असतो, तो चुंबकाला चिकटून पावसाळ्यात त्याला चांगली दाढी येते.

आता सेन्सर. दांडा फिरताना चुंबक ज्या वर्तुळातून जाते, त्या वर्तुळासमोर सेन्सर यायला हवा. क्रँकच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्याकडे एक आडवी नळी जाते. तिच्यावर, क्रँकच्या मध्यापासून सुमारे सतरा सेंटिमीटरवर सेन्सर बांधायचा. सायकलच्या क्रँकची लांबी वेगळी असेल तर अंतरही तेवढेच बदलेल. या जागेचा आणखी एक फायदा आहे. मागच्या चाकाला जागा देण्यासाठी ही नळी मागे जाताना बाहेर पसरत जाते, त्यामुळे दांड्याच्या टोकापाशी तिच्यातले आणि दांड्यातले अंतर कमी झालेले असते. चुंबक दांड्याच्या मधोमध बांधले तर हीच फट मोठी राहते आणि सेन्सरला चुंबक ‘दिसत’ नाही. सेन्सरखाली जुन्या ट्यूबचा एक तुकडा ठेवावा. नळीचा रंग खरवडत नाही आणि सेन्सर फिरत नाही. इथे मात्र टाय चालतात, कारण ही नळी जागची हलत नाही. उरलेले टोक कात्रीऐवजी नेल कटरने अगदी मुळाशी कापावे म्हणजे पोटरीला टोचत नाही.

फट किती ठेवायची? काही मीटरांना तीन मिलिमीटरच्या आत लागते, काहींना पाच चालते. आपल्या मीटरच्या कागदावर पाहावे. फट जास्त वाटली तर एका चुंबकावर दुसरे चढवावे, आपोआप चिकटते. पण फार जवळही नको. चढावर माणूस उभा राहून पायडल मारतो तेव्हा दांडा आणि चौकट थोडी लवते. स्टँडवर बरोबर फिरणारे चुंबक त्या वेळी सेन्सरवर घासले तर सेन्सर फुटलाच म्हणून समजा. दोन मिलिमीटर तरी मोकळे हवेत.

तारेच्या साध्या सेन्सरमध्ये असते काय? काचेची एक बारीक नळी आणि तिच्यात लोखंडी पात्यांची एक जोडी, एकमेकींना जेमतेम न टेकणारी. चुंबक जवळ आले की पाती चिकटतात, दूर गेले की सुटतात. प्रत्येक चिकटण्याला मीटर एक फेरी मोजते. याला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी तो १९३६ मध्ये, टेलिफोनच्या कामासाठी तयार केला. दारे-खिडक्यांना लावायच्या चोरघंटीतही तोच असतो. त्याला चुंबकाचा उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव सारखेच, त्यामुळे चुंबक कसेही लावले तरी चालते. सेन्सर दुसऱ्या जातीचा असेल आणि मीटर दाद देत नसेल, तर चुंबक उलटे करून पाहावे.

या स्विचची एक खोड मात्र माहीत असलेली बरी. चुंबक पात्यांच्या ऐन मध्यावर आले की दोन्ही पात्यांवर सारखाच परिणाम होतो आणि ती चिकटत नाहीत. मध्याच्या थोडे अलीकडे आणि थोडे पलीकडे चिकटतात. म्हणजे एकाच फेरीत दोनदा! मग मीटर पन्नासाचे शंभर दाखवू लागते. काही मीटर असली जोडफेरी स्वतःच गाळतात, सगळी नाही. सेन्सर नळीवर अर्धा-एक सेंटिमीटर मागेपुढे सरकवला किंवा थोडा फिरवला की ही खोड जाते.

म्हणून मीटरवर पहिल्याच दिवशी विश्वास टाकू नये. घड्याळ घेऊन पंधरा सेकंदांत डावा गुडघा किती वेळा वर आला ते मोजावे आणि चारने गुणावे. वीस वेळा आला तर ऐंशी. मीटर तोच आकडा दाखवत असेल तर ठीक. आता कोणी म्हणेल, एवढे मोजता येते तर मीटर हवेच कशाला? खरे आहे, ज्याला रोज मोजण्याचा कंटाळा नाही त्याला मीटरची गरज नाही. पण वाहनांच्या गर्दीत घड्याळाकडे आणि गुडघ्याकडे आळीपाळीने पाहत सायकल चालवणे गुडघेदुखीपेक्षा महाग पडू शकते. गेल्या काही वर्षांत चुंबकाशिवाय चालणारे, दांड्याचे फिरणे स्वतःच ओळखणारे सेन्सरही मिळू लागले आहेत. दांड्याला बांधले की झाले. ते तारेच्या मीटरला जोडता येत नाहीत. त्यांच्यासाठी बिनतारी मीटर किंवा मोबाइल लागतो आणि पैसेही जास्त पडतात. ज्याच्याकडे आधीच तारेचे चांगले मीटर आहे त्याने ते टाकून द्यायचे कारण नाही.

नाशिकच्या घरी चुंबक बसले, सेन्सर बसला. आणलेल्या चारपैकी दोन चुंबके कामाला आली आणि दोन उरली. ती दिवाणखान्यातल्या टेबलावर तशीच ठेवलेली होती. तीन वर्षांचा नातू ती हातात घेऊन एकमेकांना चिकटवत, सोडवत, खुशीत खेळत होता. सुनेने ते पाहिले आणि हातातले काम टाकून आधी त्याच्या मुठी उघडल्या. दोन्ही चुंबके मिळाली. दोन्ही मिळाल्याची खात्री करून घेतल्यावरच तिने श्वास सोडला.

“बाबा, ही तुम्ही अशी बाहेर कशी ठेवलीत?”

ती उगाच घाबरली नव्हती. मुलाने एखादा मणी गिळला तर बहुतेक वेळा तो आपोआप पडून जातो. असली दोन चुंबके, किंवा एक चुंबक आणि एखादा लोखंडी तुकडा, थोड्या अंतराने पोटात गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून ते एकमेकांना ओढतात. मधली आतड्याची भिंत चेमटते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथे भोक पडते. मूल सुरुवातीला अगदी नीट दिसते, म्हणूनच धोका जास्त. चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी केळे चारून वाट पाहत बसू नये. तडक रुग्णालयात जावे, तिथे एक्स-रे काढून पाहतात. मीटरमध्ये असतो तसला बटणासारखा चपटा सेल त्याहूनही वाईट. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून काढतो. तेव्हा उरलेली चुंबके आणि सेल लगेच झाकणाच्या डब्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर जायला हवेत. घरात कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांनी असे चुंबक शर्टाच्या खिशात ठेवू नये. वीतभर तरी दूर असावे.

नातवाच्या हातातली दोन चुंबके मसाल्याच्या रिकाम्या डबीत घालून देवघराच्या वरच्या फळीवर गेली. डबी लोखंडी पत्र्याची होती, त्यामुळे ती आत घट्ट बसली. त्यावर सुनेने चिठ्ठी चिकटवली.

सिलिकॉन वाळायला दिलेले चोवीस तास संपले तो दिवस रविवार होता. गृहस्थ सकाळी सहाला निघाले. धरणाच्या रस्त्याला लागल्यावर, नेहमीच्या जड गिअरवर, नेहमीच्या ऐटीत चालवत असताना त्यांनी मीटरवर नजर टाकली. सत्तेचाळीस. त्यांना वाटले, चुंबक पुन्हा सरकले. रस्त्याकडेला थांबून, वाकून पाहिले. चुंबक जागेवर होते. पुन्हा निघून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पंधरा सेकंद गुडघा मोजला. बारा वेळा. म्हणजे अठ्ठेचाळीस.

यंत्र बरोबर होते. इतके दिवस ते स्वतःला भरभर पायडल मारणारे समजत होते.

त्यांनी गिअर एक घर उतरवला. आकडा छप्पन्न झाला. आणखी एक घर. पासष्ट. पाय हवेत फिरल्यासारखे, काही न लागल्यासारखे वाटू लागले. दहा मिनिटांत थोडी धापही लागली, पण वेगाचा आकडा जेमतेम एकाने उतरला होता. परतताना सत्तर गाठले आणि टिकवले.

घरी आल्यावर त्यांनी जुन्या डायरीत तारीख घालून दोन रकाने आखले, एक लयीचा आणि एक गुडघ्याचा. पहिल्यात ‘६५–७०’ लिहिले. दुसऱ्यात काय लिहावे याचा विचार करत ते जिना उतरून खाली पेपर आणायला गेले, आणि वर आल्यावर लिहिले: ‘उतरताना कळ आहे. कालच्यापेक्षा कमी की नाही, आठवड्याने पाहू.’